शाळेपुढील रस्ता आणि गावकऱ्यांचा अर्ज



गावचा रस्ता डांबरी झाला की वाहनांचा वेग वाढतो, आणि शाळा सुटताच मुले त्याच रस्त्यावर येतात. अपघात घडला म्हणजे संतप्त गावकरी रातोरात सिमेंटचा उंचवटा घालतात. अंधारात त्यावरून दुचाकीस्वार पडतो. एका संकटातून दुसरे उभे राहते.

म्हणून रीतसर अर्ज करावा. पण तो मोघम नसावा. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रथम पाहावे. ग्रामीण व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात.

उपायही नेमका मागावा. अष्टकोनी लाल 'थांबा' फलक रस्ते मिळतात तेथे कोणी थांबावे हे सांगतो. सरळ रस्त्यावरील वेग त्याने आवरत नाही. शाळेपुढील लहान रस्त्यास गतिरोधक हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत तो १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद व गोलसर सांगितला असून, ४० मीटर आधी इशारा-फलक सांगितला आहे.

यात आपले काम कोणते? वरच्या वर्गातील मुलांकडून शाळेच्या ओसरीवरूनच आठवडाभर मोजणी करवावी : कोणत्या वेळी किती वाहने गेली, किती मुलांनी रस्ता ओलांडला. गणिताचा पाठ होईल आणि तक्ताही तयार होईल. तो ग्रामसभेच्या ठरावास जोडून अर्ज द्यावा व पोच घ्यावी. आकड्यांनिशी केलेली मागणी सहजासहजी बाजूस सारता येत नाही.