विहिरीतला ज्वालामुखी
(बोदवड येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजचा विषय ज्वालामुखी. पडद्यावर धूर आणि आगीचे लोट दिसतील, या आशेनं कुणी आलं असेल तर आधीच माफी मागतो. मी तुम्हाला तुमच्याच शेतातल्या विहिरीत उतरवणार आहे.

जुनी, आतून न बांधलेली विहीर डोळ्यांपुढे आणा. वर काळी माती, खाली मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, मग पहार उसळून परत येते तो काळा पाषाण. आणखी खाली गेलं की कुठे तांबडा, गेरूसारखा पट्टा लागतो, आणि त्याच्याखाली पुन्हा मांजऱ्या. विहीर खोदणाऱ्याला हा क्रम पाठ असतो. भूवैज्ञानिकही तोच वाचतो. एक मांजऱ्या आणि त्याखालचा एक पाषाण मिळून लाव्हाचा एक लोंढा झाला.

हे लोंढे आले सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. शंकूसारखा डोंगर फुटून नव्हे. जमिनीलाच लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उतू गेला. धुळे-नंदुरबारकडे माळावर दगडी भिंतींसारख्या सरळ रांगा दिसतात, त्या अशा भेगांत थिजलेला लाव्हा. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतच बाहेर आला. काही लोंढे तर हजारभर किलोमीटर वाहत पार राजमहेंद्रीपर्यंत पोचले. आज या खडकानं सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. सह्याद्रीच्या पायऱ्या त्याच्याच. 'डेक्कन ट्रॅप' यातला 'ट्रॅप' हा स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला.

माणसानं असं काही पाहिलं आहे का? लहान प्रमाणावर, हो. ८ जून १७८३ रोजी आइसलँडमध्ये लाकी इथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने धुमसत राहिली. लाव्हापेक्षा घातक ठरला तो वायू. गवत विषारी झालं, गुरं मेली, मागून दुष्काळ आला आणि देशातली जवळजवळ पाचातली एक व्यक्ती गेली. आपल्याकडचे लोंढे याच्या कितीतरी पट मोठे. डायनोसॉर संपले त्यात मेक्सिकोतल्या उल्कापाताचा वाटा किती आणि आपल्या पायाखालच्या या खडकाचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

आता पुन्हा विहिरीत. धिरड्याला जाळी पडते, तशी लाव्हाच्या वरच्या अंगाला वायूच्या बुडबुड्यांची जाळी पडली. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपलं आणि खनिजांचे स्फटिक वाढले. आपण त्यांना सरसकट गारगोटी म्हणतो. शास्त्रात त्यातल्या बऱ्याच जणी झिओलाइट. जळगावच्या खाणींतल्या असल्या गारगोट्या जगभरचे संग्राहक जपून ठेवतात, आणि आपण त्या बांधावर फेकतो.

लोंढ्याचं खालचं अंग घट्ट थिजलं, तो काळा पाषाण. दोन लोंढ्यांमध्ये काही काळ गेला, तेव्हा वरचा थर कुजून त्याची माती झाली. पुढच्या लोंढ्याखाली ती दबली, भाजली. तोच तांबडा पट्टा. विहिरीत तो ढासळतो आणि पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.

पाणी आहे ते कुजलेल्या मांजऱ्यात, सांध्यांत, फटींत. म्हणून एकाच्या बोअरला दीडशे फुटांवर पाणी, आणि शेजाऱ्याच्या पाचशे फुटांवरही नुसता फुफाटा. नशिबाला बोल लावण्याआधी खडकाला विचारा. तापी-पूर्णेच्या काठी गाळ इतका जाड आहे की खडक सहजी लागत नाही. तिथलं गणित निराळं.

या खडकाला ज्यांनी विचारलं ते कारागीर आपले शेजारीच होते. जामनेर ओलांडून अजिंठ्याला जा. छिन्नीखाली न फुटणारा एकजिनसी थर त्यांनी निवडला. तरी चौथ्या लेण्यात, तिथल्या सर्वांत मोठ्या विहारात, दोष असलेला थर लागला, छत निखळलं आणि काम अपुरं राहिलं. त्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर पुढे आपल्याच जिल्ह्यात तापीला मिळते.

बुलढाण्याचं लोणार मात्र या कुटुंबातलं नव्हे. एके काळी तेही ज्वालामुखीचं तोंड समजलं जाई. ते उल्केनं याच खडकात पाडलेलं विवर आहे.

शेवटी एक काम सांगतो. विहीर खोदाल, बोअर घ्याल, तेव्हा किती फुटांवर मुरूम, कुठे मांजऱ्या, कुठे तांबडं, पाणी नेमकं कशात लागलं, हे वहीत लिहून ठेवा. गावातल्या वीस-पंचवीस वह्या एकत्र मांडल्या की लाव्हाचे लोंढे गावाखालून कसे गेलेत ते दिसू लागेल. मग नाल्याचा बांध मांजऱ्या उघडा पडलेल्या जागी घालायचा की पाषाणावर, हे भांडून ठरवावं लागणार नाही. पहिली वही ज्याची तयार होईल त्यानं मला बोलवावं. विहिरीच्या काठावर बसून आपण ती वाचू.