पडदा आणि शेजारधर्म

चित्रपट शांततेला हातभार लावू शकतो का, हे तपासताना आधी उलट बाजू पाहावी लागते, कारण तिचा पुरावा अधिक ठसठशीत आहे. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ १९१५ साली अमेरिकेत झळकला. कृष्णवर्णीयांना नराधम आणि कू क्लक्स क्लॅनला तारणहार ठरवणारा हा चित्रपट. मोडीत निघालेली ती संघटना त्याच वर्षाअखेरीस जॉर्जियात पुन्हा उभी राहिली आणि पुढे सभासद जमवण्यासाठी हाच चित्रपट वापरत राहिली. पडद्याला द्वेष पेरता येत असेल, तर सलोख्याच्या बाबतीत तो निष्प्रभ आहे असे म्हणता येत नाही. मात्र द्वेषाला एक खलनायक पुरतो; सलोख्यासाठी अख्खे गाव उभे करावे लागते.

तसे गाव मराठी पडद्यावर १९४१ साली उभे राहिले. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘शेजारी’ विश्राम बेडेकरांच्या कथेवरून व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केला. मुसलमानांसाठी स्वतंत्र राष्ट्राची मागणी करणारा लाहोरचा ठराव आदल्याच वर्षी झाला होता. अहमदाबाद आणि ढाका त्या वर्षी दंगलींत होरपळले. अशा दिवसांत शांतारामांनी जिवबा आणि मिर्झा या जिवलग शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्यातले वितुष्ट धर्मातून उपजत नाही. धरणासाठी गावावर डोळा ठेवणारा धनिक ते पेरतो. भांडणाचा लाभ कोणाला, हे प्रेक्षकाला उघड दिसते, आणि चित्रपटाचा सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. अखेर धरण फुटते तेव्हा दोघे एकत्रच मरतात. ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर मजहर खान यांनी आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी रंगवला. भूमिकांची ही अदलाबदल कथेइतकीच बोलकी होती. सहा वर्षांनी फाळणी झाली ती झालीच. पण एका चित्रपटाने इतिहास अडवावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

सलोख्याच्या चित्रपटालाही सत्ता बिचकते. आग्र्यातल्या एका मुस्लिम कुटुंबाची फाळणीनंतरची परवड मांडणारा एम. एस. सथ्यूंचा ‘गरम हवा’ तणाव वाढेल या भीतीने काही महिने अडवला गेला. पुढे त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हिंसा दाखवावी कशी, हा लेखक-दिग्दर्शकांपुढचा खरा कसोटीचा प्रश्न. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) शेवटची हत्या पडद्यावर घडतच नाही, दिसते ते नंतरचे घर आणि आईबापांच्या रक्तात पाय भरलेले तान्हे मूल. गाण्यांवर नाचलेले प्रेक्षागृह तिथे गप्प होते. मारणाऱ्याच्या हाताचा थरार प्रेक्षकाला मिळत नाही, मागे राहिलेल्याचे दुःख तेवढे मिळते. सूडपटांची रीत नेमकी याच्या उलट असते.

एवढ्याने मन पालटते का? नरसंहारानंतरच्या रवांडात सलोख्यासाठी चालवलेल्या एका नभोनाट्यमालिकेचा बेट्सी लेव्ही पलक यांनी अभ्यास केला. श्रोत्यांच्या अंतरीच्या समजुती फारशा बदलल्या नव्हत्या. पण समाजात काय रीतीला धरून आहे याविषयीची त्यांची धारणा बदलली होती आणि वेगळे मत चारचौघांत मांडण्याची तयारी वाढली होती. ही मालिका लोक गटाने ऐकत. माध्यम रेडिओचे असले, तरी एकत्र पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटालाही हा निष्कर्ष लागू पडण्याजोगा आहे.

मुंबईतल्या १९९२-९३ च्या दंगलींनंतर मोहल्ला समित्यांनी वस्त्यावस्त्यांत संवाद सुरू केला. धारावीत त्यासाठी झटणारे भाऊ कोरडे आणि वकार खान यांच्या मैत्रीवर अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ मध्ये ‘नाता’ हा माहितीपट केला. इथे आधी काम होते, कॅमेरा मागून आला. क्रम हाच हवा. फिल्म सोसायट्या, शाळा आणि वस्तीतली मंडळे यांनी असे चित्रपट दाखवताना खेळानंतरचा तासभर चर्चेसाठी आधीच राखून ठेवावा, आणि समोर दोन्ही वस्त्यांतले लोक बसलेले असावेत.