टाळ्यांची नोंद कोणत्या वहीत?

(ग्रामसंघाच्या वार्षिक सभेत हिशेब पाहणाऱ्या ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी छापत आहोत.)



वर्षाचा जमाखर्च वाचून झाला. तुम्ही हात वर करून तो मंजूर केलात. मला आणखी पंधरा मिनिटं दिली आहेत, तर त्यात एक दुसरा हिशेब मांडते. हा हिशेब कौतुकाचा आहे.

आपल्या गटाचा नियम सगळ्यांना पाठ आहे. एखादी ताई बैठकीत म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात दोन हजार भरते," तर आपण काय म्हणतो? "बरं झालं ताई, पण वहीत लिही." म्हणजे आधी तोंडी कबुली, मग ठराव, मग तारीख, मग सही आणि शेवटी प्रत्यक्ष रक्कम. रक्कम हातात आल्याशिवाय मी जमा बाजूला एक रुपया लिहीत नाही. लिहिला तर तुम्हीच मला पदावरून काढाल.

आणि मंचावरून कुणी मोठा माणूस बोलला, की आपण वही न उघडताच टाळ्या वाजवतो. आज त्या टाळ्यांचाच हिशेब करायचा आहे.

२२ मार्च २०२० आठवा. संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. आपल्या पाड्यावरही वाजल्या. पुढे ३ मे ला विमानांतून दवाखान्यांवर फुलं टाकली. आणि एक नवा शब्द आला, "कोरोना योद्धा". डॉक्टर योद्धा, नर्स योद्धा आणि आपली आशाताई पण योद्धा. त्या वर्षी तिने काय केलं ते भाषणात ऐकायची गरज नाही, आपण डोळ्यांनी पाहिलं. बाहेरगावी ऊसतोडीला, कामाला गेलेली माणसं परत आली, त्यांची नावं तिने लिहिली. सप्टेंबरपासून "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" आलं, तेव्हा घरोघरी ताप मोजत फिरली. लोक दार लावून घ्यायचे. काही जण शिव्या द्यायचे. तिच्या तोंडाला बऱ्याचदा पदरच असायचा.

त्या काळात केंद्र सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. आशाही त्यात होत्या. चांगली गोष्ट होती, नाकारायची नाही. पण तो विमा होता मरणाचा. कोरोनाच्या कामात जीव गेला तर घरच्यांना ५० लाख. ताई आजारी पडली आणि जगली, तर औषधाचा, गाडीभाड्याचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च त्या विम्यात नव्हता. मेली तर लाखो, वाचली तर प्रशस्तिपत्र.

आपल्याच एका गटातली आशाताई आहे. नाव घेत नाही, ती इथे बसली आहे. दुसऱ्या लाटेत ती आजारी पडली, आणि नंतर कितीतरी महिने चढ चढताना तिला दम लागायचा. तिने गटातून आठ हजारांचं कर्ज घेतलं, स्वतःच्या उपचारासाठी. मी ते वहीत लिहिलं. कारण: औषधोपचार. मुदत: सोळा महिने. त्याच आठवड्यात तिचा सत्कार झाला होता. शाल, नारळ आणि चौकटीतला कागद. तिने तो कागद मला दाखवला आणि हसत म्हणाली, "ताई, हा तारण ठेवता येतो का?"

बायांनो, मी पण हसले. घरी गेल्यावर मात्र हसू आलं नाही.

"योद्धा" हा शब्द फौजेचा आहे. म्हणून फौजेत काय मिळतं ते मी विचारून घेतलं. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून केंद्राची आरोग्य योजना आहे, तिला ईसीएचएस म्हणतात. पेन्शनवर आलेला सैनिक, त्याची बायको, तो गेला तर त्याची विधवा, यांना कार्डावर उपचार मिळतात. पण तारीख बघा. देश स्वतंत्र झाला १९४७ ला. मधे किती लढाया झाल्या, किती पंधरा ऑगस्टला जवानांचा जयजयकार झाला. आणि ही योजना आली २००३ ला. आल्यावरही सगळं सुरळीत नव्हतं. २०१५ मध्ये महालेखापरीक्षकांनी या योजनेची तपासणी केली, तेव्हा औषधं वेळेवर मिळत नाहीत हे कागदावर आलं. त्याच वर्षी "समान हुद्दा, समान पेन्शन" यासाठी म्हातारे सैनिक दिल्लीत जंतरमंतरला उपोषणाला बसले. त्यांना सलाम तर सगळेच पक्ष करत होते. तरी रस्त्यावर बसावं लागलं.

आता आपल्या पोरांचं बघा. २०२२ पासून भरती "अग्निवीर" म्हणून होते. आपल्याकडची पोरं पहाटे उठून पळायला जातात, आपल्याला अभिमान वाटतो, वाटायलाच पाहिजे. पण आई म्हणून अटी वाचा. नोकरी चार वर्षं. त्यानंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढे घेणार. बाकीच्यांना एकरकमी साधारण पावणेबारा लाख मिळणार, पण पेन्शन नाही. आणि माजी सैनिकांच्या त्या दवाखान्याचं कार्डही नाही. नावात "वीर" आहे, कार्डात नाही. पोराला जाऊ नको असं मी म्हणत नाही. सही करायच्या आधी कागद वाचा, एवढंच म्हणते.

म्हणजे ज्यांच्या हातात बंदूक आहे, त्यांचीही ही गत. मग जिच्या हातात रजिस्टर आणि गोळ्यांची पिशवी आहे, तिचं काय?

आता आशांचा हिशेब तारखांनी सांगते. कुणाला लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

१५ जून २०२१. थाळ्या वाजून वर्ष झालं होतं. महाराष्ट्रातल्या जवळपास ७० हजार आशा संपावर गेल्या. आठवड्याभरानंतर निर्णय झाला, महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोरोना भत्ता.

मे २०२२. जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळ्यांनी अभिनंदन केलं. आपणही आपल्या ताईंना पेढा दिला.

ऑक्टोबर २०२३. त्याच पुरस्कारवाल्या आशा पुन्हा संपावर. नोव्हेंबरमध्ये आरोग्यमंत्र्यांनी सात हजार रुपये वाढ जाहीर केली. टाळ्या झाल्या, संप मिटला, ताई कामाला लागल्या. पण शासन निर्णय काही निघाला नाही. शासन निर्णय म्हणजे जीआर. आपल्या भाषेत सांगायचं तर ठराव वहीत लिहिलाच नाही.

जानेवारी २०२४. परत संप. फेब्रुवारीत मुंबईला आझाद मैदानात ताई उन्हातान्हात बसल्या. मार्चमध्ये निर्णय झाला. वाढ किती? सात नाही, पाच हजार. नोव्हेंबर २०२३ पासून लागू. तोंडी सात, लेखी पाच. मधले दोन हजार कुठे गेले, हे मंचावर कुणीच सांगितलं नाही.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. २०२१ ला एक सरकार होतं, २०२३ ला दुसरं. पक्ष बदलले, पद्धत बदलली नाही. म्हणून मी कुठल्या एका पक्षाचं बोलत नाही. कौतुक करण्यात सगळे उदार आहेत, कारण त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. नर्मदेच्या काठच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे. २०२० मध्ये लोक केंद्रावर यायला घाबरत होते, तेव्हा ही बाई स्वतः नाव वल्हवत अलिगाट आणि दादरच्या पाड्यांवर जायची. बाळांची वजनं घ्यायची, गरोदर बायांना बघायची. बातमी देशभर गेली. कौतुक झालं, आणि ते खरंच तिच्या हक्काचं होतं. पण सगळे म्हणाले, "किती धाडसी बाई!" तिला नाव का वल्हवावी लागते, हे किती जणांनी विचारलं? धरणाचं पाणी आलं, वाटा बुडाल्या, त्या जागी रस्ता नाही. आपल्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात अजून बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं. झोळी उचलणाऱ्यांचं कौतुक करणं सोपं आहे. रस्ता करणं अवघड आहे.

अंगणवाडीच्या ताईंना ग्रॅच्युइटी मिळायला हवी, हेही कुणी भाषणातून दिलं नाही. गुजरातेतल्या दाहोदच्या बायका कोर्टात गेल्या, आणि २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. माय म्हणण्याने मिळालं नाही, कायदा दाखवल्यावर मिळालं.

आता जमेची बाजू. हिशेबनीसाने एकच बाजू वाचली तर ती लबाडी होते. २०१८ मध्ये केंद्राने आशांच्या ठरलेल्या कामाचा मोबदला महिन्याला एक हजाराचा दोन हजार केला, आणि जीवन विमा व अपघात विम्याचा हप्ता सरकार भरेल असं ठरवलं. फेब्रुवारी २०२४ च्या अंदाजपत्रकात सगळ्या आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना आयुष्मान भारतमध्ये घेतलं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन उपचार. २०२४ मध्येच राज्याने आशांसाठी अपघाती मृत्यूला दहा लाख आणि कायमच्या अपंगत्वाला पाच लाख ठरवले. हे खरं मिळालेलं आहे, ते जमा बाजूला लिहा.

पण साठीनंतर काय? आशा अजून कागदोपत्री "स्वयंसेविका" आहे, कर्मचारी नाही. दहा वर्षं काम करून बाहेर पडणाऱ्या ताईला केंद्राकडून वीस हजार मिळायचे, ते २०२५ मध्ये पन्नास हजार करायचं ठरलं. वाढ मोठी दिसते. पण दहा वर्षांत वाटून बघा, महिन्याला सव्वाचारशे रुपयेही पडत नाहीत. आपल्या गटाची बचत यापेक्षा फार मागे नाही. आणि आयुष्मानचं कार्ड भरती झाल्यावर चालतं. रोजची बीपीची, साखरेची गोळी, दम्याचा पंप, तालुक्याला जायचं भाडं, हे तिच्याच पदराला.

तर आपण करायचं काय? चार गोष्टी सांगते आणि बसते.

पहिली. या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या आशाताईला, अंगणवाडीच्या ताईला आणि मदतनीस ताईला विचारा: आयुष्मान कार्ड हातात आहे का? विम्यात वारसाचं नाव बरोबर आहे का? दुसऱ्यांची कार्डं काढता काढता स्वतःचं राहून गेलेल्या ताई मी पाहिल्या आहेत.

दुसरी. गावात माजी सैनिकाची विधवा किंवा म्हातारे आईवडील असतील तर त्यांच्याकडे जा. आरोग्य कार्ड नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायला त्यांच्याबरोबर एक जण जा. पंधरा ऑगस्टला शाल दिली की आपलं काम संपत नाही.

तिसरी. ग्रामसभेत ठराव घ्या. "आमच्या पाड्याला रस्ता नाही, दवाखान्याची गाडी येत नाही, आशांचं मानधन इतके महिने थकलं आहे." बोलून सोडू नका. लिहून घ्या, सही-शिक्क्याची नक्कल मागा, आणि ती आपल्या ग्रामसंघाच्या फाइलला लावा.

चौथी. पुढच्या वेळी मंचावरून कुणी म्हणालं की आमच्या आशा म्हणजे गावाचा कणा, तर टाळी जरूर वाजवा, आपण असभ्य नाही. पण टाळी थांबली की एका ताईने उभं राहून विचारावं: "दादा, याचा जीआर कधीचा आहे? तरतूद किती आहे? खात्यात कधी येणार?" तीनच प्रश्न. हेच आपण कर्ज मागणाऱ्या प्रत्येक बाईला विचारतो. त्यात अपमान नाही, शिस्त आहे.

ती आठ हजारांवाली ताई. तिने सोळाच्या सोळा हप्ते फेडले, एकही चुकवला नाही. माझ्या वहीत तिच्या नावापुढे आता बाकी शून्य आहे.

आपली तिच्याकडे काही बाकी नाही. तिची मात्र आपल्या सगळ्यांकडे आहे. ती कुठल्या वहीत लिहायची, ते आता तुम्ही ठरवा.

जोहार!