ताळेबंदात न सापडणारे भांडवल

(अभियांत्रिकी कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

एकाच यंत्रनिर्मिती कारखान्यात उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत राबलेल्या तंत्रज्ञाकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. व्यवस्थापन त्याला 'इमानी सेवक' म्हणून शाल-श्रीफळ देते. नवे अर्थकारण त्याला जागा अडवून बसलेला माणूस ठरविते. पस्तीस वर्षांत त्याच्या हातात जे ज्ञान साठले ते कोणाचे आणि त्याचे पुढे काय व्हायचे, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. आज मला तेवढ्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. त्यासाठी हिंदुस्थान मशीन टूल्सचे, म्हणजे एच.एम.टी.चे, उदाहरण घेतो.

स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने हा सरकारी उद्योग १९५३ साली बंगळूरला उभा राहिला. यंत्रे घडविणारी यंत्रे देशातच निर्माण झाल्याखेरीज राजकीय स्वातंत्र्याला आर्थिक पाया लाभणार नाही, ही त्यामागील धारणा होती. लेथपाठोपाठ १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने घड्याळांचा कारखाना निघाला; पुढे पिंजोरला ट्रॅक्टर तयार होऊ लागले. त्या नावावरील लोकांचा विश्वास किती दूर गेला पाहा: चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने निवडीतून सिद्ध केलेल्या भाताच्या वाणाला या घड्याळावरूनच 'एचएमटी' हे नाव पडले.

हा विश्वास जाहिरातीने निर्माण झाला नव्हता. आराखडे परदेशातून आणता आले. हात आणता आले नाहीत. लेथच्या बेडचे ओतकाम आतले ताण मोकळे होईपर्यंत मुरू द्यावे लागते. मग फिटर सपाट पट्टीला निळा रंग लावून ती बेडवर घासतो. जेथे रंग उमटेल तेथे उंचवटा आहे असे समजून तेथील धातूचा केसाहून पातळ थर स्क्रेपरने खरवडून काढतो. पुन्हा रंग, पुन्हा घासणे, पुन्हा खरवडणे. हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा असतो. मनगटाने दाब किती द्यावा, हे कोणत्याही आराखड्यावर लिहिलेले नसते. ते जाणत्या कारागिराशेजारी वर्षानुवर्षे उभे राहूनच शिकावे लागते.

म्हणून आयुष्यभराची नोकरी ही मालकाची कृपा नव्हे. ती उत्पादनाचीच गरज आहे. चांगला लेथ तीस-चाळीस वर्षे चालतो. त्याचा आवाज ओळखणारा माणूसही तितकाच टिकावा लागतो. अशा माणसाची निष्ठा म्हणजे मुकेपणा मात्र नव्हे. डिसेंबर १९८० ते मार्च १९८१ या काळात एच.एम.टी.सह बंगळूरच्या सार्वजनिक उद्योगांतील कामगारांनी ७७ दिवस संप केला. भारत हेवी इलेक्ट्रिकल्समधील कामगारांइतके वेतन द्या, ही त्यांची मागणी होती. कारखान्याला आयुष्य देणाराच कारखान्यावर हक्क सांगू शकतो.

पण हा हक्क वेतनापाशीच थांबला. यांत्रिक घड्याळांवर किती काळ विसंबायचे, संगणक-नियंत्रित यंत्रांकडे केव्हा वळायचे, १९९१ नंतर खुल्या झालेल्या बाजारपेठेला तोंड कसे द्यायचे, हे प्रश्न ज्यांच्या भवितव्याचे होते त्यांच्या हाती निर्णय नव्हता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४३-क घालून व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व मानले. तत्त्व राज्यघटनेच्या पानावर राहिले; कारखान्याच्या दारातून ते आत आले नाही.

मग २०१६ साल उजाडले. जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळे व बेअरिंग बनविणाऱ्या उपकंपन्या बंद करण्यास मान्यता दिली, ऑक्टोबरमध्ये पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम २००७ ची वेतनश्रेणी गृहीत धरून ठरली. निरोप २०१६ चा आणि मोजमाप २००७ चे! ग्रॅच्युइटीचे १९७२ च्या कायद्याने दिलेले सूत्र दर वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाचे. म्हणजे पस्तीस वर्षांचे ५२५ दिवस, तेही कमाल मर्यादेच्या आत. इमारतींची, जमिनीची, भंगाराचीही किंमत ठरते. मनगटातील त्या ज्ञानासाठी मात्र ताळेबंदात रकानाच नसतो.

कोणी म्हणेल, संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या युगात हे जुने कसब कशाला हवे? पण संगणकी यंत्राचेही बेअरिंग झिजते, त्याचीही पातळी ढळते. यंत्र बदलले म्हणून जाणकाराची गरज संपत नाही. त्याने नवे शिकावे लागते, आणि शिकण्यासाठी स्थैर्य लागते. धोरण मात्र उलट्या दिशेने गेले. २०१८ साली ठरावीक मुदतीच्या नोकरीला सर्व उद्योगांत वाट करून देण्यात आली. कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन शंभर कामगारांच्या कारखान्यांपासून लागू होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा तीनशेवर नेली. मुदत संपताच ज्याला बाहेर पडायचे आहे, त्याने कोणाकडून काय शिकावे, आणि कोणाला शिकवावे?

तेव्हा साथींनो, वाटाघाटींच्या टेबलावर पगारवाढीच्या आकड्याशेजारी आणखी तीन मागण्या ठेवा. उमेदवारी पूर्ण करणाऱ्याला कायम जागा मिळाली पाहिजे. निवृत्तीला आलेल्या प्रत्येक कारागिराच्या हाताखाली किमान एक तरुण शिकण्यासाठी, पूर्ण पगारावर, असला पाहिजे. आणि कोणते यंत्र घ्यायचे, कोणता विभाग मिटवायचा, या निर्णयात कामगारांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना मत असले पाहिजे. कारखाना बंद झाल्यावर नुकसानभरपाईसाठी लढणे भागच असते. पण तोवर जे गमावले जाते ते कोणत्याही भरपाईने परत येत नाही. लढा त्याआधी सुरू झाला पाहिजे.