विजेला वाट मिळते तेव्हा

मंडळी, विजेविषयी बोलायला आम्ही गावोगावी जातो. तिथे काही प्रश्न ठरलेले असतात. तारेवर कावळा बसतो, त्याला काही होत नाही. माणसाने तीच तार धरली तर तो मरतो. असं का? घरात फ्यूज असतो, तरी माणूस दगावतो कसा? आज आपण याच प्रश्नांवर बोलू.

आधी एक गंमत करून पाहा. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून पाच-दहा वेळा फिरवा. मग तो कागदाच्या बारीक कपट्यांजवळ धरा. कपटे उडी मारून कंगव्याला चिकटतील. हे कशाने झाले?

प्रत्येक वस्तूत दोन तऱ्हेचे विद्युतभार असतात. एक धन, दुसरा ऋण. एरवी दोन्ही सारखे असतात, म्हणून आपल्याला काही कळत नाही. ऋण भाराचे अगदी बारीक कण असतात, त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. घासताना काही इलेक्ट्रॉन केसांवरून कंगव्यावर गेले. म्हणजे नवीन काही निर्माण झाले नाही. होते तेच इकडचे तिकडे गेले. प्लॅस्टिकमधून त्यांना वाहता येत नाही, म्हणून ते कंगव्यावरच बसून राहिले. तांबे, ॲल्युमिनियम, लोखंड यांत मात्र पुष्कळ इलेक्ट्रॉन मोकळे असतात. तार ही रिकामी नळी नव्हे. ती आधीच इलेक्ट्रॉननी भरलेली असते.

बटण दाबले की दिवा लगेच लागतो. मग हे कण फार वेगाने धावत असतील, नाही का? नाही. ते मुंगीपेक्षाही हळू सरकतात. विहिरीवर रहाटाचा दोर ओढला की खालची घागर लगेच हलते. आपल्या हातातला दोर काही त्या क्षणी घागरीपाशी गेलेला नसतो. तसेच हे आहे. घरच्या विजेत तर कण नुसते मागेपुढे होतात, सेकंदाला 50 वेळा. करवतीसारखे म्हणा ना!

इथे एका आजीबाईंनी आम्हाला पकडले होते. "कण जागच्या जागीच हलतात, तर बिल कशाचं घेता?" प्रश्न खरा होता. आम्ही म्हटले, आजी, करवतवाल्याला आपण मजुरी देतो ती लाकूड कापल्याची, करवतीची नव्हे. बिल हे कामाचे असते. 100 वॅटचा दिवा 10 तास जळला की 1 युनिट होते.

आता कावळा. वीज वाहायला येण्याची आणि जाण्याची अशी पुरी वाट लागते. घरात दोन तारा येतात, एक फेज आणि दुसरी न्यूट्रल. ही न्यूट्रल तार ट्रान्स्फॉर्मरपाशी जमिनीत गाडलेली असते. म्हणून जमीन ही विजेची परतीची वाटच झाली. कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्याच्यातून पुढे जायला वाट नाही. माणूस जमिनीवर उभा राहून फेजची तार धरतो, तेव्हा त्याचे अंगच वाट बनते. अंग ओले असले तर ही वाट आणखी सोपी होते. आणि कावळ्याचे पंख एकदम दोन तारांना लागले, तर तोही मरतो.

मग फ्यूज काय करतो? नीट ऐका, इथेच पुष्कळांची चूक होते. फ्यूज तार वाचवतो, माणूस नव्हे. 60 वॅटच्या दिव्याला साधारण पाव अँपिअर वीज लागते. तिच्या निम्म्याहून कमी वीज छातीतून गेली तरी काळीज बंद पडू शकते. 5 अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्या लेखी एक लहान दिवा लागला, एवढेच!

म्हणून अर्थिंग हवे. मोटारीच्या लोखंडी अंगाला फेज लागली, तर अर्थिंगच्या तारेतून एकदम पुष्कळ वीज जमिनीकडे जाते आणि फ्यूज वितळतो. पण काहीजण फ्यूजमध्ये जाड तार अडकवतात. मग तो वितळणार कसा? गळती ओळखणारा स्विचही मिळतो. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा तो हिशेब ठेवतो. एका अँपिअरच्या हजार भागांपैकी 30 भागांचा फरक पडला, की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो. तो जरूर बसवावा.

आता आमच्याच घरची गोष्ट. ओसरीच्या पत्र्याखालून दिव्याची तार नेली होती. पत्रा वाऱ्याने हले, तारेचे वेष्टण झिजत गेले. त्याच पत्र्याला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली. पावसाळ्यात आई ओले लुगडे टाकायला गेली आणि तिचा हात तारेवरच राहिला. लोक म्हणतात, वीज ओढून धरते. वीज ओढत नाही. हाताचे स्नायू आखडतात, मूठ मिटते आणि ती उघडता येत नाही. भाऊ तिला ओढायला धावला. वडिलांनी ओरडून त्याला थांबवले व आधी मेन स्विच पाडला. नाहीतर दोघेही गेले असते. स्विच लांब असेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या काठीने तार दूर करावी. मात्र ही युक्ती घरच्या विजेपुरतीच. बाहेर खांबावरची मोठी तार तुटून पडली, तर तिथे काठीही कामाची नाही. दूर राहावे, दुसऱ्यांना अडवावे आणि वीजवाल्यांना कळवावे.

आई वाचली. आमच्या अंगणात आता कपड्यांना नायलॉनची दोरी आहे. ती पत्र्याला नाही, दोन लाकडी खांबांना बांधली आहे.