जिना मोकळा ठेवू या
(मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या सभेतील भाषण)



मी बांधकाम खात्यातला डिप्लोमावाला माणूस. आरास आणि प्रसाद यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी फक्त जिन्याबद्दल बोलतो.

आपल्या वडोदऱ्याच्या जुन्या वाड्यांतले जिने अरुंद आणि उभे. घरच्या दहा माणसांना ते पुरत. सभागृहाचे तसे नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घराला १ मीटर रुंदीचा जिना चालतो. मोठ्या सभागृहाला २ मीटर लागतो. ही रुंदी मोकळी हवी. एका कडेला चपला आणि दुसऱ्या कडेला कुंड्या मांडल्या, की उरतो तो वाड्यातलाच जिना!

२९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसे गेली. आग नव्हती. पाऊस होता, अरुंद जिना होता आणि त्यावर दाटलेली गर्दी होती.

आपल्याकडे आरतीला काठी टेकत येणारे आजी-आजोबा आहेत. त्यांना धरायला कठडा हवा, शेजारून हात देणाऱ्यालाही जागा हवी. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते. त्यांना खुर्चीसकट जिन्यानेच उतरवावे लागेल.

म्हणून चपला खाली अंगणात काढाव्यात. कठड्याला माळा गुंडाळू नयेत. आरती संपल्यावर जिन्याच्या वर आणि खाली एकेक कार्यकर्ता उभा राहावा. आणि पुढच्या वर्षी मूर्ती तळमजल्यावरच बसवावी, अशी माझी सूचना आहे. बाप्पांना चालेल; आजींना तर नक्कीच.

गणपती बाप्पा मोरया!