जुन्या स्पोर्ट्‌स कारचे इशारादिवे

गोव्यात तयार झालेली आणि 1998 साली बाजारात आलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार आज दुर्मीळ झाली असली, तरी कागलवरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गावर तशी गाडी रात्री चालवणाऱ्या हौशी माणसाला, समोरच्या डॅशबोर्डच्या फलकावरील दिवे मंद का झाले, याचा उलगडा करून घेणे अगत्याचे आहे.

पत्र्याच्या गाडीत विद्युत्प्रवाह पत्र्यातूनच परततो. परंतु या गाडीची बॉडी फायबरग्लासची, आणि ते विद्युद्वाहक नसल्याने दिव्यांना अर्थिंगची वायर द्यावीच लागते. पावसाळी दमटपणाने त्या वायरीच्या टोकांवर हिरवट गंज चढला, की बल्ब व फ्यूज शाबूत असूनही सारा फलक निस्तेज होतो. म्हणून प्रथम बॅटरीची वायर सोडवून ती टोके बारीक पॉलिश पेपरने घासावीत आणि घट्ट आवळावीत.

इशाऱ्याच्या दिव्यांचा न्याय वेगळा. चावी फिरवताच ऑइलचा व चार्जिंगचा दिवा लागला नाही, तर आधी बल्ब तपासावा. इंजिन सुरू असता चार्जिंगचा दिवा मिणमिणत राहिला, तर बेल्ट, अल्टरनेटर व जोडण्या पाहाव्यात. ऑइलचा दिवा पेटला, तर मात्र इंजिन तत्काळ बंद करून ऑइलची पातळी पाहावी, आणि ती बरोबर असली तरी मिस्त्रीकडून गेजने दाब मोजून घेतल्यावाचून ऑइलच्या दाबाच्या स्विचला कसूरवार ठरवू नये. कारण स्विच सहज बदलता येतो, जळालेल्या बेअरिंगांची भरपाई मात्र फार महागात पडते.